ध्रुवीकरण की ध्रुवण?

प्रश्न असा : काळा फॉस्फरस (फॉस्फरस या मूलद्रव्याचं एक रूप) यावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘अवरक्त प्रकाशाच्या ध्रुवीकरणावर नियंत्रण’ असं लिहिलं होतं, संपादकांनी ते ‘ध्रुवणावर’ केलं. दोन्ही शब्द चालतात ना?

इथे ‘ध्रुवण’च हवं. शुद्धीकरण, राष्ट्रीयीकरण यांतलं ‘करण’ नव्हतं ते घडवून आणल्याचं सांगतं. साध्या दिव्याचा प्रकाश पोलरॉइडमधून (एकाच दिशेत आंदोलणारा प्रकाश पुढे सोडणाऱ्या गाळणीतून) गेला की त्याचं ध्रुवीकरण झालं म्हणा, हरकत नाही. पण तुमच्या लेखातल्या प्रयोगात आत शिरणारा प्रकाश आधीच ध्रुवित असतो, म्हणजे त्याचं विद्युत क्षेत्र एका ठरावीक दिशेत आंदोलत असतं. ती दिशा किंवा ते रूप म्हणजे ध्रुवण. प्रयोगात बदलतं ते हेच.

कसं, तेही बघा. काळ्या फॉस्फरसचा थर सपाट नसतो, अणू निऱ्यांसारखे दुमडलेले असतात. त्यामुळे निऱ्यांना समांतर आणि निऱ्यांना आडवं आंदोलणारा प्रकाश त्यातून वेगवेगळ्या वेगाने जातो. दोन्हींत अंतर पडतं आणि रेषीय ध्रुवण (आंदोलन एकाच दिशेत) वर्तुळाकारही (दिशा गोल फिरत राहणारं) होऊ शकतं. २०२१मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने फक्त तीन अणुथरांचा फॉस्फरस दोन आरशांमध्ये बसवला. तीन थरांचा परिणाम एरवी नगण्य, पण प्रकाश आरशांमध्ये पुन्हा पुन्हा फिरला की तो साठत जातो. फॉस्फरसवरचा विजेचा दाब बदलला की ध्रुवणही बदलतं. हे सगळं १४१० ते १५७५ नॅनोमीटर तरंगलांबीला, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून संदेश नेणाऱ्या अवरक्त पट्ट्यात. मला यातली ही विजेवरची पकड फार मोलाची वाटते.

मुळात प्रकाशाला ध्रुव कुठले? १८०८मध्ये पॅरिसमध्ये मालुस या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने खिडकीच्या काचेवरून परावर्तित झालेलं ऊन कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिलं. प्रकाश कणांचा असतो असं तो मानी, आणि त्या कणांना चुंबकासारखे ध्रुव असावेत या कल्पनेतून त्याने ‘पोलरायझेशन’ हा शब्द घडवला, त्याचंच मराठी ध्रुवण. कल्पना मागे पडली, शब्द राहिला.

तेव्हा ‘अवरक्त प्रकाशाचं ध्रुवण विजेच्या दाबाने बदलणं’ असं लिहा. ‘नियंत्रण’ही मग लागत नाही. आणि काळ्या फॉस्फरससारख्या थराथरांच्या पदार्थांना ‘स्तरित पदार्थ’ म्हणतात, त्याऐवजी ‘पापुद्र्यांचे पदार्थ’ का नको? अभ्रकाचे निघतात तसेच काळ्या फॉस्फरसचेही चिकटपट्टीने पापुद्रे सुटतात.