राणीच्या बागेत पेंग्विन सोडून बघण्यासारखं काय आहे?

पुण्याहून दोन मुलांना घेऊन येताय, आणि पेंग्विन बघून झाल्यावर राणीच्या बागेत आणखी काही आहे का, की अर्ध्या तासात बाहेर पडावं लागेल, असं तुम्ही विचारलंय. चिंचपोकळीच्या चाळीत माझी पहिली चोवीस वर्षं गेली. बाग तिथून चालत पंधरा मिनिटांवर. त्यामुळे उत्तर जरा लांबेल, आणि निःपक्षपातीपणाची अपेक्षा तर ठेवूच नका.

पेंग्विन आधी आटपून घेऊ. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. त्यातला एक त्याच वर्षी गेला, आणि मार्च २०१७ पासून लोकांना ते बघता येऊ लागले. त्याच वर्षी मोठ्या माणसाचं पाच रुपयांचं तिकीट पन्नास झालं. काचेपलीकडे थंडगार पाण्यात ते सुळकन पोहत जातात, मुलं काचेला नाक लावून उभी राहतात, मागचे लोक "चला, पुढे चला" करतात. माझ्या भाचीला विचाराल तर जगात याहून भारी काही नाही. दाखवा मुलांना. पण त्या रांगेत उभे असाल तेव्हा एकदा मान वर करून बघा.

कारण ही मुळात झाडांची बाग आहे. प्राणी मागून आले आणि सगळं नाव खाऊन गेले. झाडांच्या २८६ जाती आणि तीन हजारांहून जास्त झाडं एका कुंपणात आहेत. इथल्या एवढ्या जुन्या झाडांचा गोतावळा मुंबईत दुसरीकडे मी तरी पाहिलेला नाही.

मुंबईत १८३० च्या सुमारास शेती आणि बागायतीला वाहिलेली एक संस्था निघाली. तिची बाग शिवडीला होती. पुढे शहरातली दफनभूमी अपुरी पडायला लागली तेव्हा ती जागा युरोपियन लोकांच्या कबरस्तानासाठी गेली. शिवडीचं आजचं ख्रिस्ती कबरस्तान ते हेच. त्या बदल्यात भायखळ्याला नवी बाग उभी राहिली. १८६२ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्ते ती उघडली आणि नाव पडलं व्हिक्टोरिया गार्डन. लोकांनी लगेच तिची राणीची बाग करून टाकली. १८७३ पासून ती पालिकेकडे आहे. १९६९ साली तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचं नाव दिलं, पण लोकांना शब्द बदलावा लागलाच नाही, फक्त राणी बदलली. सरकारी कागदावर जिजामाता उद्यान, टॅक्सीवाल्याला सांगायचं राणीबाग. दोन्ही चालतं.

दारातून आत गेलात की एका बाजूला संग्रहालय लागेल. तेही बागेच्याच काळातलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या पैशाच्या जोरावर जगन्नाथ शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डेव्हिड ससून अशा मंडळींच्या पुढाकाराने वर्गणी उभी राहिली. मग १८६५ साली युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला, निम्मं शहर बुडालं आणि इमारतीचं काम रखडलं. शेवटी सरकारने पैसे घातले आणि १८७२ मध्ये संग्रहालय उघडलं. १९७५ पासून त्याला भाऊ दाजींचं नाव आहे. आतले हिरवे-सोनेरी बिडाचे खांब आणि मातीच्या छोट्या बाहुल्या मुलांना नक्की आवडतील. बाहुल्यांत जातोजातीचे पोशाख, पगड्या, धंदे, सगळं आहे. लहानपणी आम्ही तिथे फार वेळ थांबायचो नाही, कारण आत आवाज केला की पहारेकरी नुसतं बघायचा. तेवढं पुरायचं.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे. आम्ही त्याच्याजवळ धावत जायचो आणि आई ओरडायची. त्याची कथा मला फार उशिरा कळली. घारापुरीच्या बेटावर धक्क्याजवळ तो उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले. मग ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते जुळवले. जवळ जाऊन अंगावरचे सांधे बघा. मुलांना सांगा, हा एकच हत्ती आहे जो इंग्लंडला जायला निघाला आणि भायखळ्याला उतरला.

इथे आणखी एक वनवासी आहे. काळा घोडा म्हणतात त्या चौकात मुळात सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता, १८७९ चा. साहेबांचे पुतळे रस्त्यांवरून हलवायचं ठरलं तेव्हा १९६५ मध्ये तोही उचलून राणीच्या बागेत आणून ठेवला. चौकाचं नाव तसंच राहिलं, घोडा मात्र आमच्याकडे. फोर्टातल्या मित्रांना हे सांगताना अजूनही मजा येते.

आता झाडं. आवर्जून शोधावं असं पहिलं झाड गोरखचिंच. आफ्रिकेतलं. बुंधा इतका जाड की दोन-तीन जणांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. साल हत्तीच्या कातडीसारखी, सुरकुतलेली. दुसरं उर्वशी, ब्रह्मदेशातलं. थंडी सरता सरता त्याला लालसर फुलांचे झुपके लोंबतात, झुंबरासारखे. एरवी ते इतकं साधं दिसतं की शेजारून निघून जाल. आणि तिसरं कैलासपती. त्याची फुलं फांद्यांना येत नाहीत, सरळ खोडातून बाहेर पडतात. एक फूल हातात घेऊन मुलांना दाखवा. मधोमध पिंडीसारखा गोल आणि त्यावर पुंकेसरांची फणा. माझी आई खाली पडलेलं फूल उचलून पिशवीत घालायची आणि घरी देवापुढे ठेवायची. फळं मात्र तोफगोळ्याएवढी. खाली पडून फुटली की असा वास सुटतो की दहा मिनिटं कुणी त्या बाकावर बसत नाही. झाडाखाली उभं राहून गप्पा मारू नका, एवढं लक्षात ठेवा.

ही झाडं आज आहेत त्यात शेजारच्यांचाही मोठा वाटा आहे. २००७ च्या सुमारास पालिकेने बागेचं आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करायचा आराखडा आणला. त्यात बरीच झाडं आणि जुन्या वाटा जाणार असं दिसत होतं. तेव्हा काही बायका पुढे आल्या. रोज फिरायला येणाऱ्या, झाडांची नावं पाठ असलेल्या. त्यांनी झाडं मोजली, नोंदी केल्या, वारसा समितीकडे खेपा घातल्या, सह्या गोळा केल्या. मूळ आराखडा बारगळला आणि पुढे जे झालं ते बरंच आवरतं घेऊन. आम्ही चाळीतले लोक यात फारसे नव्हतो, हे कबूल करतो. आम्हाला वाटायचं, बाग कुठे जातेय? ती आहेच की.

खरं म्हणजे आमचं आणि बागेचं नातं फुकटं होतं. माझे वडील गिरणीत होते, तिसऱ्या पाळीला. दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहाजण. सकाळी ते घरी येऊन झोपायचे, आणि घरात आवाज होऊ नये म्हणून सुटीत आई आम्हाला बागेत घेऊन जायची. बरोबर पोळी, बटाट्याची भाजी आणि पाण्याची बाटली. म्हणजे आमची सहल ही वडिलांची झोप होती. बागेत गेलं की तशाच चार-पाच आया आपापली पोरं घेऊन आलेल्या दिसायच्या, परळच्या, लालबागच्या, डिलाईल रोडच्या. गावाहून पाहुणा आला की त्याचा मुंबईदर्शनाचा क्रमही ठरलेला: राणीची बाग, म्हातारीचा बूट, तारापोरवाला मत्स्यालय. मालवणहून आलेल्या माझ्या आजोबांनी वाघ बघितला आणि म्हणाले, "ह्यो बिचारो हंय काय करता?" पिंजऱ्यापुढे ते एक मिनिटही थांबले नाहीत. जाऊन वडाखाली बसले आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

तेव्हा हत्तीवर बसायला मिळायचं. रांग लागायची. आमचा नंबर कधी लागला नाही, पण तो हत्ती येताना-जाताना बघणं हीसुद्धा एक करमणूक होती. ८२ च्या संपानंतर गिरण्या हळूहळू गेल्या, त्या आयाही पांगल्या. आम्हीसुद्धा डोंबिवलीला गेलो. आता बागेच्या आसपास टॉवर आहेत आणि सकाळी फिरायला येणाऱ्यांत बुटांची किंमत वाढलीय. पण झाडाखाली वर्तमानपत्र पसरून डबा खाणारी कुटुंबं आजही दिसतात. भायखळा, मदनपुरा, नागपाडा इथून येणारी मुसलमान कुटुंबं ईदच्या दुसऱ्या दिवशी इतकी येतात की आतल्या वाटांवर चालायला जागा नसते. ही गर्दी बघायची असेल तर मुद्दाम तो दिवस धरा, टाळायची असेल तर मुद्दाम टाळा.

तुमच्या मुलांसाठी माझा क्रम असा: सकाळी लवकर या, पेंग्विन सर्वांत आधी, रांग कमी असेल तोवर. मग जनावरं. त्यानंतर डबा. दुपारी ऊन चढलं की संग्रहालय, कारण आत गारवा असतो. बाहेर पडताना हत्ती. डबा गोरखचिंचेजवळ खा, कैलासपतीखाली नको, कारण वर सांगितलंय. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरलात तर चालत दहा मिनिटं.

आणि बुधवारी येऊ नका. बाग बंद असते, संग्रहालयही.