हिममानव पाहिल्याचं सांगणारे सगळे थापा मारतात का? आणि ‘यती म्हणजे अस्वलच’ म्हणता, तर अस्वल आणि माणूस यांत एवढी गल्लत होईलच कशी?

थापा मारणारे थोडे. बाकीच्यांनी काहीतरी पाहिलेलं असतं, फक्त त्याला नाव देताना गडबड होते. त्यातही यतीच्या, म्हणजे हिमालयातल्या हिममानवाच्या बाबतीत बऱ्याच जणांनी प्राणी पाहिलेलाच नसतो, बर्फातला माग पाहिलेला असतो. म्हणून आधी ठशांबद्दल.

अस्वल कुत्र्यामांजरासारखं बोटांवर चालत नाही, आपल्यासारखा अख्खा तळवा टेकवतं. मागच्या पायाचा ठसा म्हणजे पाच बोटं, लांबट तळवा आणि मागे टाच. लांबून माणसाचाच वाटावा असा. ओळखायची खूण एकच, पण पक्की: आपला अंगठा पावलाच्या आतल्या बाजूला असतो, अस्वलाचं सर्वांत मोठं बोट बाहेरच्या बाजूला. त्यामुळे त्याच्या डाव्या पायाचा ठसा आपल्याला उजव्या पायाचा वाटतो. बोटांपुढे नख्यांचे टोचेही असतात, पण भुसभुशीत बर्फात तेच आधी बुजतात. (मेळघाट-ताडोबाच्या धुळीत आपल्याकडच्या अस्वलाचा ठसा बघा. बोटं जवळजवळ एका ओळीत आणि नख्यांच्या खुणा बऱ्याच पुढे. धुळीत सहसा कोणी फसत नाही.)

आता खरी गंमत. चालताना अस्वलाचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा किंचित पुढे पडतो. दोन ठसे एकमेकांत मिसळून एकच लांबलचक पाऊल तयार होतं, आणि चार पायांचा प्राणी दोन पायांवर गेल्यासारखा दिसतो. त्यावर दोन-तीन दिवसांचं ऊन पडलं की कडा वितळतात, बोटांमधल्या पातळ भिंती ढासळतात आणि ठसा चहूबाजूंनी फुगतो. एप्रिल 2019 मध्ये भारतीय सेनेच्या गिर्यारोहक तुकडीला नेपाळमधल्या मकालू शिखराच्या तळछावणीजवळ दिसलेले ठसे 32 × 15 इंचांचे सांगितले गेले. एवढ्या मापाचं पाऊल कोणत्याही ज्ञात प्राण्याचं नाही, पण एकावर एक पडून वितळलेल्या ठशांना ते माप अवघड नाही.

नावाचा घोळ तर 1921 सालचा. एव्हरेस्टच्या पहिल्या मोहिमेचे प्रमुख हॉवर्ड-बरी यांना लाक्पा ला खिंडीजवळ माग दिसला आणि तो लांडग्याचा असावा, असंच त्यांचं मत होतं. हमालांनी वेगळं नाव सांगितलं, कलकत्त्याच्या एका पत्रकाराने त्या नावाचं चुकीचं भाषांतर केलं आणि ‘किळसवाणा हिममानव’ जन्माला आला. एकदा नाव मिळालं की पुढचा प्रत्येक ठसा त्याच खात्यात जमा होतो. 1951 मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर काढलेला प्रसिद्ध फोटो घ्या. शेजारी आइस-ॲक्स (गिर्यारोहकांची बर्फातली कुऱ्हाड) ठेवल्यामुळे माप कळतं, पण त्या फोटोत ठसा एकच आहे. एका ठशावरून मी तरी काहीच ठरवणार नाही.

डोळ्यांनी ‘पाहिलेल्या’ यतीचं काय? मोकळ्या हिमउतारावर झाड नाही, घर नाही, आकार ताडायला काहीच नसतं. धुक्यात वस्तू आहे त्यापेक्षा दूर वाटते आणि दूर असूनही एवढी दिसते म्हणून मेंदू तिला मोठी ठरवतो. शिवाय अस्वल वास घ्यायला मागच्या पायांवर उभं राहतं. तशा स्थितीत ते फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ओळखीचा प्राणी अनोळखी अवस्थेत दिसला की हेच होतं. 2017 मध्ये विशाखापट्टणमला ताठ उभ्या, पिसं न फुटलेल्या गव्हाणी घुबडाच्या पिल्लांना लोकांनी परग्रहवासी ठरवलं होतंच. 1986 मध्ये उत्तराखंडातल्या हेमकुंडजवळ वूलड्रिज नावाच्या ब्रिटिश प्रवाशाने सुमारे दीडशे मीटरवरून यतीचे फोटो काढले. बराच वेळ ‘तो’ हललाच नाही, कारण तो खडक होता. पुढे हे त्यांनी स्वतःच मान्य केलं.

तुम्हाला कधी असा माग दिसलाच, तर एका ठशाचा फोटो काढून थांबू नका. सलग आठ-दहा ठसे घ्या, प्रत्येकाशेजारी पट्टी ठेवून, बरोबर वरून. तिरप्या कोनात लांबी फसवते. एक फोटो संपूर्ण मागाचा घ्या. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात कडा उठून दिसतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मागावर चालत राहा, तो कड्याच्या सावलीत शिरेपर्यंत. तिथे ठसा फुगलेला नसतो आणि कित्येकदा उन्हातला राक्षस सावलीत कोल्हा निघतो. केस सापडले तर चिमट्याने, शक्यतो मुळासकट उचलून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी येते आणि डीएनए खराब होतो.

या नमुन्यांचं शेवटी काय निघतं तेही सांगतो. नेपाळमधल्या खुमजुंगच्या गोंपातली (बौद्ध मठातली) ‘यतीच्या डोक्याची केसाळ कातडी’ एव्हरेस्टवीर हिलरी यांनी 1960 मध्ये तपासायला नेली, ती सेरो या रानबोकडासारख्या प्राण्याच्या कातड्याची निघाली. 2017 मध्ये जीवशास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट यांच्या गटाने यतीचे म्हणून जपलेले हाड, दात, केस, कातडी, विष्ठा असे नऊ नमुने तपासले. आठ अस्वलांचे, एक कुत्र्याचा. त्याच अभ्यासात हिमालयी तपकिरी अस्वलांची शाखा सुमारे साडेसहा लाख वर्षांपूर्वी इतरांपासून वेगळी झाल्याचं दिसलं.