तळावर नाव खरवडलेली जॅग्वार: खोटी, की कलकत्त्याची?

नमस्कार. पेठेतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात आपल्याला लाल रंगाची खेळण्यातली जॅग्वार ई-टाइप मोटार मिळते आहे. ती इंग्लंडची डिंकी असून साठ वर्षे माळ्यावर डब्यात पडून होती, असे सांगून दुकानदार नऊ हजार रुपये मागतो आहे. आणि तळावर ‘टॉइज’ या शब्दाच्या आधीची अक्षरे खडबडीत दिसत असल्यामुळे आपल्याला ती बनावट वाटते आहे. माझे मत असे की गाडी बहुधा बनावट नाही, पण दुकानदार म्हणतो तीही नाही.

डिंकी टॉइज म्हणजे लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या धातूच्या छोट्या खेळण्यातल्या गाड्या. 1934 पासून त्या या नावाने विकल्या जात आणि 1979 मध्ये तिथला बिन्स रोडचा कारखाना बंद झाला. आपण म्हणता त्या जॅग्वारचा क्रमांक 120, ती 1962 ची आणि तिला काढता येणारे छप्पर होते. आपल्याकडे त्या काळी आयातीवर कडक निर्बंध असल्यामुळे विलायती खेळणी सर्वसामान्यांच्या हाती क्वचितच पडत. मात्र 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या एस. कुमार आणि कंपनीने डिंकीचे काही जुने साचे घेऊन त्याच गाड्या ‘निकी टॉइज’ या नावाने काढल्या, आणि ई-टाइप हा त्यांतलाच एक नमुना होता. साच्यातले मूळ नाव मिटवून तेथे नवे नाव आणताना फारशी सफाई राखली गेली नाही, त्यामुळे कित्येक निकी गाड्यांच्या तळावर आपल्याला दिसला तसा खडबडीतपणा आढळतो. अशा गाडीला नकली म्हणणे अन्यायाचे आहे, कारण साचा मूळचा आहे आणि कारखानाही खरा आहे. तिला लिव्हरपूलची म्हणून विकणे मात्र सरळ फसवणूक आहे.

नाव साच्यात मिटवले की कोणी नंतर कानशीने घासले, हे घरी पाहता येते. टॉर्च तळाला जवळजवळ टेकवून तिरपा उजेड पाडावा आणि दहापट भिंगातून पाहावे. तळावरची उठावाची अक्षरे म्हणजे साच्यातले खड्डे. ते नाहीसे करण्यासाठी साचा तेवढ्या भागात आणखी कोरला, तर त्या जागी धातूचा बारीकसा उंचवटा येतो आणि त्यावरचा रंग व काळवंडलेपणा आजूबाजूच्या भागासारखाच असतो. तयार गाडीवर कानस फिरवली असेल तर ती जागा खोलगट होते, एकाच दिशेचे समांतर ओरखडे दिसतात आणि त्यांच्या तळाशी धातू चकाकतो. असे ओरखडे दिसले तर सावध व्हावे, कारण अलीकडे डिंकीच्या जुन्या नमुन्यांच्या अधिकृत प्रतिकृती चीनमध्ये निघालेल्या आहेत आणि त्यांच्यावरचे देशाचे नाव घासून त्या जुन्या म्हणून विकण्याचे प्रकार होतात.

नावापेक्षा मी रिव्हेटवर अधिक विश्वास ठेवतो. या गाड्यांच्या सांगाड्यालाच आतून ओतीव खुंटी असते, ती तळाच्या भोकातून बाहेर काढून तिचे टोक यंत्राने पसरवलेले असते. गाडी उघडायची म्हणजे हे टोक ड्रिलने उडवावेच लागते, आणि एकदा उडवलेले टोक पूर्ववत होत नाही. मग स्क्रू येतो, डिंक येतो, किंवा वर राखाडी लुकणाची (पुट्टीची) टिकली बसते. शिवाय या काळातल्या डिंकीमध्ये रंग आधी आणि जोडणी नंतर होत असल्यामुळे रिव्हेटचे डोके उघडे, धातूच्या रंगाचे असते. त्यावर काळा रंग फासलेला दिसला, तर खाली काय लपवले आहे ते विचारावे. मी स्वतः एका लॉरीच्या बाबतीत हे विचारले नाही. तकतकीत रंगावर भाळून ती घेतली आणि घरी आल्यावर सुईने खरवडताच रिव्हेटच्या जागी लुकण निघाले. गाडी मूळचीच होती, पण नव्याने रंगवलेली, म्हणजे संग्राहकाच्या दृष्टीने निम्म्याहून कमी मोलाची. त्या लॉरीच्या दारांच्या रेघा जाड रंगाने बुजलेल्या होत्या, आणि हे मला दुकानातच दिसायला हवे होते.

मूळ गाडीवरून रबरी साचा घेऊन ओतलेली नक्कलही एक प्रकार आहे. धातू थंड होताना आकसतो, त्यामुळे अशी नक्कल मूळ गाडीपेक्षा किंचित आखूड भरते आणि तिची अक्षरे झिजलेल्या साबणासारखी बोथट दिसतात. ई-टाइपची लांबी सुमारे 92 मिलिमीटर आहे. व्हर्निअर असेल तर मोजून घ्यावी.

टायरवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. नवे टायर सुटे मिळतात, खऱ्या गाडीलाही ते लावलेले असतात, आणि ते बदलल्याने गाडी खोटी ठरत नाही. मात्र आपला दुकानदार माळ्यावरच्या साठ वर्षांची गोष्ट सांगतो, म्हणून ते इथे बोलके ठरतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. इतके उन्हाळे पत्र्याखाली काढलेले रबर कडक होऊन त्याला बारीक भेगा पडायला हव्यात आणि डब्याचा पुठ्ठा दुमडीवर कटकन तुटण्याइतका ठिसूळ व्हायला हवा. आपल्या वर्णनात टायर मऊ आहेत आणि डबा ‘जवळजवळ नवा’ आहे. ही गोष्ट पटत नाही.

डब्याबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण त्यात माझा धंदा कामी येतो. मी बरीच वर्षे टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात होतो. पांढऱ्या मालाला टिनोपॉल हे उजळपणा आणणारे रसायन दिल्यावर तो अतिनील दिव्याखाली निळसर पेटल्यासारखा चमकतो, आणि न दिलेला माल त्याच दिव्याखाली मुका राहतो. कागदातही असेच चमक देणारे रसायन घालतात. ते सर्रास झाले 1950 नंतर. म्हणून युद्धापूर्वीच्या म्हणून सांगितलेल्या गाडीचा डबा नोटा तपासायच्या स्वस्त दिव्याखाली लखलखला, तर तो डबा त्या काळातला नाही, असे खुशाल समजावे. आपल्या 1962 च्या नमुन्याला ही कसोटी तितकी निर्णायक नाही. तेथे छपाई पाहावी: जुन्या डब्यांवरचे पिवळे-लाल हे सपाट, एकसंध रंग असत, तर घरच्या प्रिंटरवर काढलेल्या डब्यात भिंगाखाली निळे, गुलाबी, पिवळे ठिपके विखुरलेले दिसतात. डबा नकली निघाला तरी आतली गाडी खरी असू शकते. दोघांची किंमत वेगवेगळी ठरवावी, आणि एरवी सगळे आधी पाहतात तो डबा मी मुद्दाम शेवटी पाहतो.

नऊ हजारांबद्दल विचारलेत. डिंकीची म्हणून ही रक्कम देऊ नये. तळावर ‘मेड इन इंडिया’ असेल आणि रिव्हेट अस्पर्श असतील, तर निकी म्हणून ती अवश्य घ्यावी. माझ्या संग्रहात असेल तर मी तिला लिव्हरपूलच्या बहिणीशेजारी ठेवीन, कारण आपल्या देशातल्या खेळण्यांच्या इतिहासात तिची जागा वेगळी आहे. पण भाव निकीचा करावा, डबा बाजूला ठेवून करावा, आणि छप्पर मूळचे आहे की नंतर बसवलेले, हेही त्याच वेळी विचारावे.

पुन्हा दुकानात जाल तेव्हा तळाची दोन छायाचित्रे घ्यावीत, एक सरळ उजेडात आणि एक तिरप्या उजेडात, दोन्ही रिव्हेट स्पष्ट दिसतील अशी. तोपर्यंत दुकानदाराला गाडी पुसू अथवा धुऊ देऊ नये. चाकांच्या मागे आणि रिव्हेटच्या कडेला साचलेली जुनी धूळ ताज्या रंगावर कधीच तशी बसत नाही, आणि एकदा ओले फडके फिरले की ती पुन्हा तपासता येत नाही.