चुंबकाला चिकटलेले मणी धूमकेतूचे का?

प्रश्न : सुमारे १२,९०० वर्षांपूर्वी धूमकेतू आदळून पृथ्वी एकाएकी थंड पडली आणि मातीतले बारीक लोखंडी मणी हा त्याचा पुरावा, असं वाचलं. आमच्या गच्चीवरच्या मातीत चुंबक फिरवला तर तसलेच मणी निघाले. ते त्या काळचे असतील का? (एक वाचक, अनगोळ)

उत्तर : गच्ची जितक्या वर्षांची, त्याहून जुनी धूळ तिथे साठलेली नसणार. शिवाय अनगोळला लागूनच उद्यमबाग, बेळगावची कारखान्यांची वसाहत. फाउंड्रीत रस ओतताना किंवा ग्राइंडर लोखंडावर टेकल्यावर उडणारी ठिणगी म्हणजे वितळलेला थेंबच. हवेत थिजताना तो गोल होतो. गल्लीत कुणी ग्रिल वेल्डिंग केलं तरी पुरे. दिवाळीतल्या फुलबाज्याही हेच करतात.

२००७ साली मांडलेल्या या सिद्धांताचा आधार थरांचा आहे. ॲरिझोनातल्या मरे स्प्रिंग्जसारख्या ठिकाणी त्या काळच्या काळ्या थराच्या तळाशी मणी, नॅनोहिरे (अतिसूक्ष्म हिरे) आणि उल्कांमध्ये जास्त असणारं इरिडियम सापडल्याचा दावा झाला. २०१३ मध्ये ग्रीनलँडच्या बर्फातही त्याच सुमाराचं वाढीव प्लॅटिनम दिसलं. पण इतर काहींनी थर पुन्हा तपासले तेव्हा मण्यांचे आकडे जुळले नाहीत. आदळल्याचं विवरही सापडलेलं नाही; ग्रीनलँडमधल्या हियावाथा विवरावर आशा होती, ते २०२२ मध्ये ५.८ कोटी वर्षांचं निघालं. हिमस्तर वितळून गोडं पाणी अटलांटिकमध्ये शिरलं आणि उत्तरेला उष्णता नेणारा प्रवाह मंदावला, हे कारण आम्हाला जास्त पटतं.

तपासायचंच तर ओढ्याच्या उभ्या काठात, वय ठरवता येईल असा थर निवडा. त्याची आणि त्याच्या वरच्या-खालच्या थरांची प्रत्येकी अर्धा किलो माती घ्या. एकच थर मोजला तर मणी 'जास्त' कशापेक्षा, ते सांगता येत नाही. बादलीत पातळ चिखल करून जोरदार चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवा, मग पिशवी स्वच्छ पाण्यात धरून चुंबक बाहेर ओढा. पिशवी विसरलात तर चुंबकावरची पूड निघता निघत नाही. काही चिकटेनासं होईपर्यंत हेच करा, वाळवा, चाळा आणि १५० मायक्रॉनखालचा (०.१५ मिलिमीटरहून बारीक) माल सूक्ष्मदर्शकात १०० पटीने पाहा.

आपल्या काळ्या मातीत बेसॉल्टमधलं (काळ्या दगडातलं) मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज भरपूर येईल, पण ते कोनदार. खानापूरकडच्या जांभ्यातले खडे फसवे : वाटोळेही, चुंबकाला चिकटणारेही. ते बहुतेक चाळणीवरच राहतात, फोडले की आत कांद्यासारखे पापुद्रे दिसतात. वितळून थिजलेल्या मण्यावर फांद्यांसारखी नक्षी असते. मात्र फाउंड्रीच्या मण्यावरही ती असते. त्यामुळे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मूलद्रव्यं पाहावीच लागतात. मँगनीज-क्रोमियम ठळक दिसलं की कारखान्याचा संशय घ्या.

तुमच्या मण्यांत एखादा खरोखर अवकाशातून आलेला असू शकेल, असे कण छपरांवर पडतच असतात. पण तो गच्ची बांधल्यानंतरचा.