सैंधव मीठ वापरलं तर बीपी वाढत नाही का? वरून मीठ घेत नाही, तरी डॉक्टर कमी करा म्हणतात. अजून कुठून कमी करू?

सैंधवाचं आधी सांगतो: फायदा नाही. तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. महागाचं गुलाबी मीठ आणून मी वर्षभर निर्धास्त होतो, बीपी 138/88 वरून हललं नाही.

वरून मीठ मीही घेत नव्हतो. मग एकदा मिठाची पिशवी फोडली त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवली. घरात चौघं, एक किलो मीठ 29 दिवसांत संपलं. म्हणजे माणशी रोज साडेआठ ग्रॅम! जागतिक आरोग्य संघटना 5 ग्रॅमच्या आत म्हणते, तो जेमतेम एक सपाट चमचा. आणि विकतचं लोणचं, फरसाण यात धरलेलंच नाही.

मग कणकेतलं मीठ बंद केलं. कुणाला कळलंसुद्धा नाही. भाकरीत आमच्याकडे कधीच नसतं, तिच्याबद्दल कुणी तक्रार केलीय? भातातलंही गेलं. ताकात आता जिरेपूड आणि आलं.

आमटीत मात्र एकदम हात आखडू नका. मी पहिल्याच दिवशी निम्मं घातलं, तर आईने वाटी बाजूला सारली, "हे अळणी कोण खाणार?" दर आठवड्याला चिमूटभर कमी करत गेलो; दीडेक महिन्यात जीभ सरावली. आमसूल, लिंबू सढळ हाताने वापरा. कोशिंबिरीत मीठ पानं घेताना घाला, आधी घातलं की पाणी सुटतं आणि पुन्हा घालावंसं वाटतं.

पापडखार, खायचा सोडा यांतही सोडियम असतं, फक्त खारट लागत नाही. त्यामुळे पापड, ढोकळा, खारी, पाव बेतानेच.

'लो सोडियम' मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. किडनीचा त्रास असेल किंवा टेलमिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नका, रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं.

आमची आताची पिशवी फोडून 44 दिवस झालेत, तळाशी थोडं आहे अजून. आईच्या पानात डावीकडे मिठाची चिमूट मात्र असतेच. तिथे माझं काही चालत नाही.