फादर सांगतील त्यालाच तुम्ही मत देता का? एका वसईकर बाईचं उत्तर

तुम्ही विचारलंय की निवडणुकीत कॅथलिक लोक फादर सांगतील त्यालाच मत देतात का, आणि गर्भपात, फाशी असल्या विषयांवर तुमचं स्वतःचं काही मत असतं की पोप म्हणतील तेच. मी वसईची, घरात पिढ्यान्पिढ्या कॅथलिक, 32 वर्षं सरकारी हॉस्पिटलात नर्स होते, आता रिटायर झालेय. सगळ्या समाजाच्या वतीने बोलायचा मला अधिकार नाही, माझ्यापुरतं सांगते.

मतदानाचं आधी सांगून टाकते कारण ते सोपं आहे. नाही, फादर नाव घेत नाहीत. निवडणूक जवळ आली की मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रार्थना होते, मतदानाला जा, पैसे घेऊन मत विकू नका, दुबळ्यांचा विचार करा, इतकंच. आमच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात मत देणं हे कर भरण्याच्या बरोबरीने कर्तव्य म्हणून लिहिलंय, म्हणजे आळस करून घरी बसणं हेही चुकीचंच. आणि चर्चच्या कायद्याप्रमाणे धर्मगुरूला सत्तेचं पद घ्यायची मनाई आहे, पक्षाच्या कामात उतरायचीही आहे. देशाचा कायदा तर आहेच, 2017 साली सुप्रीम कोर्टाने धर्माच्या नावावर मत मागणं म्हणजे निवडणुकीतला भ्रष्टाचार हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि ती केस आपल्या मुंबईतलीच होती, सांताक्रूझच्या 1990 च्या निवडणुकीची. मला हे अगदी योग्य वाटतं. आल्तारवरून, म्हणजे चर्चच्या वेदीवरून, एखाद्या पक्षाचं नाव आलं ना तर मी उठून बाहेर जाईन.

पण पक्ष नाही म्हणजे राजकारण नाही असं समजू नका. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नाव तुम्ही 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ऐकलं असेल, आम्ही त्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून हरित वसईचे फादर म्हणून ओळखतो. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या केळीच्या वाड्या, बावखलं (आमच्याकडची गोड्या पाण्याची तळी), विहिरी सगळ्यावर बिल्डरांचा डोळा होता, आणि गुंडांची दहशत अशी की माणसं घरातसुद्धा हळू आवाजात बोलायची. तेव्हा हा झगा घातलेला माणूस रस्त्यावर उतरला आणि त्याच्या मागे कॅथलिक, हिंदू, मुसलमान सगळे उतरले, कारण पाणी सगळ्यांचंच होतं. स्वतःसाठी त्यांनी कधी मत मागितलं नाही की खुर्ची घेतली नाही. पर्यावरणाबद्दल पोप फ्रान्सिस यांचं ते मोठं पत्र आलं 2015 साली, आमच्याकडे तो धडा त्याच्या पंचवीस वर्षं आधी शिकवून झाला होता.

आता तुमच्या प्रश्नाचा अवघड भाग.

गर्भपाताबद्दल चर्चची शिकवण सरळ आहे, गर्भ राहिल्यापासून तो जीव आहे आणि तो मारायचा नाही. मी हे मानते. आपल्याकडे 1971 च्या कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे नोकरीत मला सुरुवातीलाच इन्चार्ज सिस्टरना सांगावं लागलं की या केसमध्ये मी टेबलपाशी उभी राहणार नाही, नंतरची सगळी सेवा करेन. त्यांनी ऐकलं, माझ्या वाट्याच्या ड्युट्या दुसऱ्यांनी केल्या आणि त्याची जाणीव मला कायम राहिली. पण एकदा सोळा वर्षांची पोर आली मावशीबरोबर, नातेवाइकानेच केलेलं. नंतर रात्रभर मी तिच्या कॉटशी होते, ती सारखी पाणी मागत होती आणि विचारत होती की शाळेत कळेल का. तेव्हापासून मला एक नक्की ठाऊक आहे, त्या गर्भाचा काही गुन्हा नव्हता हे मी अजूनही म्हणेन, पण त्या पोरीला खुनी म्हणायला माझी जीभ रेटत नाही आणि तिला तुरुंगात टाकणाऱ्या कायद्याला मी मत देणार नाही. इथे माझं आणि काही फादर लोकांचं जुळत नाही, मी ते चर्चमध्ये पापांची कबुली देतानासुद्धा बोललेय. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये प्रत्येक धर्मगुरूला या पापाची क्षमा द्यायचा अधिकार कायमचा दिला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आणि याच विषयाची दुसरी बाजू पण बघा, मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं. गर्भातलं लिंग तपासण्याविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, 1988 साली, देशाचा कायदा नंतर 1994 ला आला. त्यासाठी स्त्रीमुक्तीवाल्या बायका लढल्या, ज्यांचं गर्भपाताबद्दल माझ्याशी अजिबात पटलं नसतं, पण इथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने. दोन मुलींनंतर तिसऱ्यांदा आलेल्या बाईचा चेहरा आणि दाराबाहेर उभी तिची सासू, हे ज्याने वॉर्डात बघितलंय त्याला वेगळं सांगायला नको.

फाशीच्या बाबतीत मात्र मला बदलावं लागलं. 2012 च्या दिल्लीच्या निर्भया केसनंतर मीही मेणबत्ती घेऊन उभी होते आणि मनात एकच, लटकवा यांना. वॉर्डात अशा पोरी हाताळलेली बाई मी, मला कोण काय शिकवणार. वडिलांनी, तेव्हा ते 80 च्या पुढचे होते, घरच्या आल्तारवरच्या क्रुसावरच्या येशूकडे बोट दाखवून एवढंच म्हटलं, तो पण सरकारी शिक्षेनेच मेला ना गं. मी त्यांच्यावर चिडले, म्हटलं तो निर्दोष होता, हे नाहीत. ते म्हणाले, त्याच्या शेजारी लटकवलेले दोघं निर्दोष नव्हते आणि त्यातल्या एकाला त्याने काय सांगितलं ते आठव, आजच तू माझ्याबरोबर स्वर्गात असशील. मग 2018 च्या ऑगस्टमध्ये पोपनी धर्मशिक्षणाच्या ग्रंथातला मजकूरच बदलला, आधी अगदी क्वचित वेळी चालेल असं होतं ते काढून मृत्युदंड स्वीकारता येणारच नाही असं केलं. वडील तोपर्यंत गेले होते. मी ते पान वाचून खूप वेळ बसले. 20 मार्च 2020 ला त्या चौघांना फाशी झाली तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्या खूश होत्या, मी गप्प राहिले, त्या मुलीसाठी प्रार्थना केली आणि, खरं सांगते, त्या चौघांसाठी पण केली. सोपं नव्हतं. म्हणजे पोप म्हणाले म्हणून एका रात्रीत मत बदललं असं नाही झालं, पण ते म्हणाले नसते तर मी वडिलांच्या त्या वाक्याकडे परत गेले असते की नाही, माहीत नाही.

आता सांगा, गर्भाचाही जीव वाचवा, फाशीही नको, परप्रांतातून आलेल्या गरिबाला हाकलू नका, जंगल, जमीन, पाणी विकू नका, हे सगळं एकत्र बोलणारा पक्ष कुठे आहे? अमेरिकेतल्या 2024 च्या निवडणुकीबद्दल तेव्हाचे पोप फ्रान्सिस यांना विचारलं तेव्हा त्यांनीही हेच सांगितलं, एक उमेदवार स्थलांतरितांना बाहेर फेकतो, दुसरी गर्भपाताच्या बाजूने, दोन्ही जीवनाच्या विरुद्ध, त्यातलं कमी वाईट कोणतं ते ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीने ठरवावं. नाव त्यांनीही नाही सांगितलं.

आमच्या लोकांवर माझा राग आहे तो वेगळ्याच गोष्टीसाठी. चर्चवर दगड पडला की आम्ही मोर्चा काढतो, दुसऱ्याच्या वस्तीवर बुलडोझर आला की टीव्हीचं चॅनल बदलतो. दलित ख्रिश्चनांना राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशामुळे अजून अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, यावर आमच्याकडे किती जण बोलतात? आणि झारखंडमध्ये आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामी. 83 वर्षांचे असताना एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली, पार्किन्सन्सचा आजार, कप धरता येत नाही म्हणून स्ट्रॉ आणि सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला, 5 जुलै 2021 ला वांद्र्याच्या हॉस्पिटलात गेले, जामिनाच्या सुनावणीतच कोर्टाला ती बातमी कळली. मी असे पेशंट पाजलेत हो, स्ट्रॉ नसेल तर अर्धं पाणी छातीवर सांडतं आणि माणूस लाजेने पुढचा घोट नको म्हणतो. आरोप खरे की खोटे हे कोर्टात कधी ठरलंच नाही, पण पाणी प्यायला नळी देणं यासाठी निकाल कशाला लागतो? तेव्हा आमच्याकडे मेणबत्त्या लागल्या, भरपूर लागल्या, पण झारखंडच्या ज्या आदिवासी पोरांच्या तुरुंगवासाबद्दल ते आयुष्यभर ओरडत होते त्यांचं नाव त्यानंतर आमच्या प्रार्थनेत फारसं ऐकलं नाही मी.

तर मतदानाच्या दिवशी मी या सगळ्याचा विचार करून जाते आणि दर वेळी काहीतरी मनाविरुद्ध स्वीकारूनच बटण दाबते. माझे मिस्टर दुसऱ्या पक्षाला देतात, आम्ही एकाच बाकावर बसून मिस्सा ऐकतो. मुलीचं फाशीबद्दल अजून माझ्याशी पटत नाही, ती म्हणते तू वॉर्डातल्या त्या पोरीला विसरलीस. नाही विसरले, उलट तिच्यामुळेच हे सगळं इतकं अवघड आहे.