शेअर्ड फोल्डर हलवताय? आधी परमिशन बघा

प्रश्न: आमच्याकडे एक्स्चेंज २०१६ (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) आहे, पब्लिक फोल्डरमध्ये (ऑफिसात मिळून वापरायच्या सामायिक फोल्डरमध्ये) कित्येक वर्षांचा मेल साठलाय. सगळं उचलून क्लाउडवर न्यायचं का?

सगळं अजिबात नको. २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, त्यामुळे घाई आहे हे खरं, पण आधी प्रत्येक फोल्डरला वाली कोण आहे ते शोधा. मी साइज, शेवटचा मेल कधी आला आणि परमिशन असं सगळं एका शीटमध्ये काढते आणि मगच पुढचं बोलते. परमिशनच्या कॉलममध्ये नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा लांबलचक नंबर दिसला की समजायचं ते अकाउंट कधीच डिलीट झालंय. एका ठिकाणी पगाराच्या फोल्डरला ओनर म्हणून असे दोन नंबरच होते, कामावर असलेला माणूस एकही नाही, आणि 'डीफॉल्ट'ला ऑथरचा हक्क, म्हणजे ऑफिसातल्या कोणीही उघडून वाचावं! मेल कॉपी करणं मशीनचं काम आहे हो, पण कोणी काय बघायचं हे माणसांनीच ठरवायला हवं, आणि ते हलवायच्या आधीच. आणि हो, फोल्डरच्या नावात उलटा स्लॅश असेल तर नाव बदलून घ्या, मायग्रेशन, म्हणजे हलवायचं काम, तिथेच अडकतं.

प्रश्न: पब्लिक फोल्डर तसेच ठेवावे की शेअर्ड मेलबॉक्स (अनेकांनी मिळून वापरायचा एकच मेलबॉक्स) करावा?

बाहेरून मेल येतात आणि चारपाच जण मिळून उत्तरं देतात, तर शेअर्ड मेलबॉक्स. एक्स्चेंज ऑनलाइनवर (क्लाउडवरच्या एक्स्चेंजवर) ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन्स लागत नाही. जुनं रेकॉर्ड, फोल्डरात फोल्डर असा मोठा पसारा असेल तर पब्लिक फोल्डरच राहू द्या.

प्रश्न: शेअर्ड मेलबॉक्समधून पाठवलेलं उत्तर बाकीच्यांना दिसतच नाही.

कारण ते पाठवणाऱ्याच्या स्वतःच्या सेंटमध्ये जाऊन बसतं. ॲडमिनला सांगून त्या मेलबॉक्सवर सेंट कॉपी ठेवायची सेटिंग चालू करा, 'सेंड ॲज' (मेलबॉक्सच्याच नावाने पाठवणं) आणि 'सेंड ऑन बिहाफ' (त्याच्या वतीने, आपलंही नाव दाखवून पाठवणं) दोन्हींसाठी वेगवेगळी असते. डिलीट केलेला मेलसुद्धा बऱ्याचदा डिलीट करणाऱ्याच्या डिलीटेडमध्ये सापडतो, हरवला म्हणून घाबरण्याआधी तिथे बघा.

प्रश्न: ग्रुपला फुल ॲक्सेस दिला तरी आउटलुकमध्ये मेलबॉक्स येत नाही.

आपोआप जोडलं जाणं फक्त माणसाला थेट परमिशन दिली तरच होतं, ग्रुपमधून नाही. हाताने ॲड करा.

प्रश्न: पब्लिक फोल्डर हलवायच्या शेवटच्या टप्प्याला किती वेळ बंद ठेवावं लागेल?

ते डेटावर आहे, पण लॉक केल्यावर कोणालाच फोल्डर उघडत नाहीत, म्हणून सुट्टीचा दिवस धरा आणि सगळ्यांना आधी कळवा. त्या काळात फोल्डरच्या पत्त्यावर आलेला मेल क्यूमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या रांगेत, थांबतो, आणि क्यूची डीफॉल्ट मुदत २ दिवसांची असते, तेव्हा काम लांबेल असं वाटलं तर ती मुदत लॉक करायच्या आधीच वाढवून घ्या.